जमिलाचाचीचे नऊ फोटो

पिंपळे सौदागर
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

प्रिय मन्सूरचाचा,

सलाम. आज सकाळी रणजीतने कंपनीच्या गेटवर माझ्या हातात पिशवी ठेवली. आत बघते तर तुमचा कॅमेरा! अहो, आमच्याकडे मोबाइलच्या भिंगावरसुद्धा स्टिकर चिकटवून माणसाला आत सोडतात, आणि मी गळ्यात पट्टा अडकवून उभी. सिक्युरिटीवाल्याने असा चेहरा केला की मी बॉम्बच आणलाय. शेवटी रजिस्टरात सही करून लॉकरमध्ये ठेवला तेव्हा सुटले.

फोन करणार होते. पण कानाला मशीन लावूनही तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि चाचीने उचलला की ती आधी माझी हजेरी घेते. म्हणून हे पत्र. रणजीत रोज राजगुरुनगरहून कंपनीच्या बसने चाकणला येतो, तोच आपला पोस्टमन. त्याला चहा पाजत जा.

चाचा, मला खरंच कळत नाहीये. परभणीहून आल्यावर बारा वर्षं आम्ही तुमच्या स्टुडिओच्या वरच्या खोलीत राहिलो. त्या बारा वर्षांत मला कॅमेऱ्याला बोट लावायची परवानगी नव्हती. लावलं तर चाची पायरीवर बसवून पाढे म्हणायला लावायची. आणि आता अचानक कॅमेरा, दोन रोल, आणि एवढीशी चिठ्ठी: ‘शिकून घे.’ मी दिवसभर गेज घेऊन गाड्यांचे सुटे भाग तपासणारी बाई. मला काय येतंय फोटोतलं?

तरी तुम्ही चिठ्ठीत लिहिल्यासारखा एक रोल भरला. रोलचं टोक लाल खुणेपर्यंत ओढलं, झाकण लावलं, आणि आतली मोटर जी घुरघुरायला लागली ती थांबेचना! मला वाटलं, गेला कामातून. मग थांबली आणि खिडकीत ३६ आकडा आला. एक फोटो काढला तर ३५. म्हणजे किती उरले ते दाखवतो का? आणि दिव्या विचारते, काढलेला फोटो दिसतो कुठे? पोरीला सांगितलं, दिसत नाही. तिला वाटलं कॅमेरा बिघडलाय.

तुमची,
योगिनी

---

राजगुरुनगर
१३ जानेवारी

योगिनी बेटा,

खुश राहा. पत्र मिळालं. रणजीतला चहा पाजला, त्याने दोन प्याले घेतले.

मोटर घुरघुरते ती तिची रीतच आहे, घाबरू नकोस. हा कॅमेरा मी लग्नाच्या ऑर्डरींसाठी घेतला होता. तोवर हाताने रोल पुढे ओढायचो, हाताने फोकस लावायचो. हा सगळं आपसूक करतो. वरची चकती हिरव्या चौकोनावर ठेव आणि तिथून हलवू नकोस. उजेड किती, वेग किती, ते तो बघून घेईल. आकडा उरलेल्यांचाच.

तू एकच शीक. बटण दोनदा दाबायचं असतं. आधी अर्धं. टिक्‌ असा आवाज येईल आणि काचेत हिरवा ठिपका पेटेल, म्हणजे त्याने माणूस धरला. मग उरलेलं अर्धं. नवशिके एका दमात खाली दाबतात आणि मग म्हणतात, कॅमेरा वाईट. आणि दोन माणसं शेजारी बसली तर मधल्या फटीतून हा मागची भिंत धरतो. तेव्हा आधी एकाचा डोळा धर, बोट तसंच ठेव, मग कॅमेरा मधोमध आण.

काहीही झालं तरी मागचं झाकण उघडायचं नाही. रोल संपला की मोटर पुन्हा घुरघुरेल, त्यानंतरच.

पहिला रोल या आठवड्यात संपव, पुण्यात धुऊन घे आणि मला दाखव. जरा लवकर कर. महिना संपायच्या आत हात बसायला हवा.

चाची सलाम सांगते. म्हणते, पाढे विसरली असशील.

तुझा,
मन्सूरचाचा

---

पिंपळे सौदागर
सोमवार, २० जानेवारी

प्रिय चाचा,

सोबत छत्तीस फोटो. हसू नका. सोसायटीच्या बागेतल्या बायकांचा जो ग्रुप आहे, त्यात सहाही बायका धुरकट आणि मागचा पाण्याचा टँकर अगदी लख्ख, नंबर वाचता येतो! फट धरली त्याने, तुम्ही सांगितलेलं होतं तरी. वॉचमनकाकांचे चार काढले, त्यातला शेवटचा बघा. डोळ्यांतला उजेडसुद्धा आलाय. तो आला तेव्हा मी लॅबच्या दारात उभी राहून एकटीच हसत होते.

मोबाइलवर मी दिवसाला पन्नास काढते आणि एकही परत बघत नाही. इथे प्रत्येकाला विचार करावा लागतो. मला आवडायला लागलंय, चाचा.

पण एक विचारू? घाई कशाची आहे? रणजीत सांगत होता की स्टुडिओचं शटर महिनाभर बंद आहे. तुम्ही सामान विकायला काढलंय का? कॅमेरा गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी चालतोय की नाही हे बघून घेताय का माझ्याकडून? तसं असेल तर सरळ सांगा. मीच ठेवून घेईन. परक्याला देऊ नका.

तुमची,
योगिनी

---

राजगुरुनगर
२३ जानेवारी

योगिनी बेटा,

विकत नाहीये. तुला सांगायचं नाही असं चाचीने बजावलं होतं. आता तीच म्हणाली, सांग.

तिच्या डाव्या गालाला आतून जखम होती. मिश्री लावायची सवय तुला ठाऊक आहे, लहानपणी तू तिची डबी लपवायचीस. दिवाळीपासून भरेना, म्हणून पुण्याला दाखवलं. कॅन्सर निघाला. ४ फेब्रुवारीला ऑपरेशन आहे. डाव्या जबड्याचं हाड आणि बराचसा गाल काढणार. डॉक्टर चांगले आहेत, जीव वाचेल म्हणतात. चेहरा मात्र हा राहणार नाही, हे त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं.

ती रडली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, माझा एक फोटो काढा. बेटा, सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिचा एक धड फोटो नाही. चाळीस वर्षं डार्करूम तिने सांभाळली. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून ती लोकांचे देवीचे व्रण घालवायची, सुरकुत्या घालवायची, किती पोरींची लग्नं तिच्या पेन्सिलीने जमली असतील. स्वतः मात्र कधी कॅमेऱ्यासमोर बसली नाही. आपलं नाक वाईट म्हणायची.

नातवाने मोबाइलवर काढला तर बघून तिने फोन परत दिला. त्याने तिचा चेहरा आपोआप गुळगुळीत करून टाकला होता. म्हणाली, मी आयुष्यभर हेच केलं, मला कळतं, ही मी नाही. मला निगेटिव्हवर हवाय आणि कुणी हात लावलेला नकोय.

मी काढला असता. पण वर्षभरापासून माझे हात थरथरतात. तुमच्यासमोर खिशात घालून बसतो, म्हणून तुला दिसलं नाही. दोन रोल मी आधीच खराब केले. बाहेरच्या माणसापुढे ती बसणार नाही. तूच ये. ३० तारखेला गुरुवार आहे, तुमची कंपनी बंद असते. सकाळी दहाला मागच्या अंगणात उजेड चांगला असतो. दुसरा रोल ब्लॅक अँड व्हाइट आहे, तो भरून आण.

तुझा,
मन्सूरचाचा

---

राजगुरुनगर
शनिवार, १ फेब्रुवारी

योगिनी बेटा,

परवा तू गेल्यावर चाची मला म्हणाली, पोरगी बटण दाबताना श्वास धरते, अगदी तुमच्यासारखी. मी तिला विचारलं, तू कशी दिसलीस असं वाटतं? म्हणाली, जशी आहे तशी.

नऊ फोटो झाले. ती थकली म्हणून थांबवलं, ते बरं केलंस. शेवटचा आम्हा दोघांचा काढायची कल्पना तुझीच होती. मी नको म्हणत होतो, पण आतून बरं वाटलं.

रोल कॅमेऱ्यातच राहू दे. उरलेले तुझ्या मनासारखे काढ. आम्ही पुण्याहून परत आलो की इथेच धुऊ. सामान सगळं जागेवर आहे. ऑपरेशनला जाताना तिला फक्त एवढंच विचारायचं होतं: ते नीट आलेत ना? मी म्हटलं, अगं, काढलेत म्हणजे आलेतच. उद्या निघतो.

तुझा,
मन्सूरचाचा

---

चाकण
सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय चाचा,

तुमच्या नातवाच्या हाती ही चिठ्ठी दवाखान्यात पोचावी. चाचीचं ऑपरेशन व्यवस्थित होवो. माझं सगळं लक्ष तिकडे आहे. सध्या सेकंड शिफ्ट आहे, ओव्हरटाइमही चालू आहे, त्यामुळे यायला जमत नाही. चाचीला सांगा, काळजी करू नकोस.

योगिनी

---

राजगुरुनगर
२२ फेब्रुवारी

योगिनी बेटा,

आम्ही घरी येऊन आठवडा झाला. ऑपरेशन झालं, गाठ पूर्ण निघाली. नळीने दूध-पाणी देतो. बोलता येत नाही, वहीत लिहून दाखवते. चेहऱ्यावर ओढणी घेऊन बसते, माझ्यासमोरसुद्धा. न्हाणीतला आरसा तिने उतरवायला लावला. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेते.

शुद्धीवर आल्यावर तिने वहीत पहिला शब्द लिहिला तो ‘फोटो’. रोज विचारते. मी म्हणतो, योगिनी आणेल. तीन गुरुवार गेले. तू आली नाहीस, रणजीतजवळ चिठ्ठीसुद्धा नाही. काल तिने लिहिलं, ‘पोरीला माझ्याकडे बघवणार नाही. बोलावू नका.’

बेटा, तसं असेल तर मी रागावणार नाही. मलाही पहिल्या दिवशी बघवलं नव्हतं, बाहेर जाऊन बाकावर बसलो होतो. तू येऊ नकोस. फक्त रोल रणजीतच्या हाती पाठव. तिला तेवढाच आधार आहे.

मन्सूरचाचा

---

पिंपळे सौदागर
रविवार, २३ फेब्रुवारी

चाचा,

तुमचं पत्र वाचून मी बसल्या जागी रडले. चाचीला सांगा, नाही हो, असं काही नाही. चाचीकडे बघायला मी धावत आले असते. मला तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून येत नव्हते. आता सगळं लिहिते. मग तुम्हाला काय बोलायचं ते बोला.

३१ तारखेला, म्हणजे फोटो काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी मी कॅमेरा हातात घेतला. आमच्या कामात एक नियम आहे. मशिनवर नवा माल लागला की पहिला नग तपासल्याशिवाय पुढचा काढायचा नाही. पहिला नग चुकला तर मागून येणारे हजार चुकतात. नऊ वर्षं मी हेच करतेय. डोक्यात किडा शिरला: रोल खरंच पुढे सरकतोय ना? का नुसताच आकडा बदलतोय? चाचीचा चेहरा आहे, तपासलं नाही आणि मग कोरा निघाला तर? आणि चाचा, माझ्या हाताने ते झाकण उघडलं. खिडकीशी उभी होते, सगळं ऊन आत. पट्टी ताणलेली दिसली, मला क्षणभर बरंसुद्धा वाटलं की बसलाय नीट! आणि मग कळलं मी काय केलं ते. तुम्ही एकच गोष्ट नको म्हणाला होतात.

झाकण लावलं तर मोटर घुरघुरली. मी रोल गुंडाळायचं बटण दाबून तो बाहेर काढला आणि डबीत बंद करून कपाटात ठेवला. फेकवला नाही. बघवतही नाही.

ऑपरेशन तीन-चार दिवसांवर होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर परत येऊन काढता आले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. पण चाचीला पुन्हा बसवायचं, मी तुझा चेहरा घालवला असं तिला सांगायचं, ते माझ्याच्याने झालं नाही. आज सांगते, उद्या सांगते करत चार तारीख आली. रोज हजार लोकांचे नग रिजेक्ट करते मी, आणि स्वतःची चूक खिशात घालून फिरले. तो चेहरा आता जगात कुठेच नाही आणि तो मी घालवला.

मला माफ करा असं लिहायचीही हिंमत नाही.

योगिनी

---

राजगुरुनगर
मंगळवार, २५ फेब्रुवारी

योगिनी,

आधी रागावतो. झाकण उघडलंस, ती चूक. माझ्याकडच्या तीन पोऱ्यांनी केली, मीही एकदा साखरपुड्यात केली होती. पण तीन आठवडे गप्प बसलीस, आणि इकडे ती बाई स्वतःचाच चेहरा कारण समजून भिंतीकडे तोंड करून पडली. याचा मला फार राग आला. कान धरायला जवळ असतीस तर धरला असता.

आता नीट वाच. झाकण उघडलंस तेव्हा खिडकीत आकडा किती होता? सत्तावीस असणार. छत्तीसातून नऊ गेले. बाकीचे कॅमेरे रोल थोडा थोडा बाहेर ओढत जातात, म्हणून त्यांचा आकडा चढतो. हा उलटा. म्हणूनच भरल्या भरल्या एवढा घुरघुरतो. हा आधी अख्खा रोल बाहेर ओढून घेतो, आणि मग एकेक फोटो काढला की तेवढा परत रोलच्या आपल्या डबीत ढकलतो. तुला खिडकीशी जी पट्टी दिसली ती कोरी होती. उरलेले सत्तावीस जळाले. चाचीचे नऊ आधीच डबीच्या पोटात, अंधारात गेले होते.

अगं, तुला हे सांगायला मी विसरलो. झाकणाला हात लावू नको एवढंच म्हणालो, का ते नाही सांगितलं. तुझ्यासारख्या तपासणाऱ्या बाईला ‘का’ सांगायला हवं होतं. अर्धी चूक माझी धर.

डबीच्या तोंडाशी जो असेल, त्यात थोडा उजेड शिरला असेल. बाकीच्यांची मला खात्री आहे, पण धुऊन बघेपर्यंत चाचीला शब्द देणार नाही. तुझं पत्र मात्र तिला वाचायला दिलं. वाचून तिने तोंडावरची ओढणी धरली आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. वहीत लिहिलं, ‘अशी कशी ही बावळट पोरगी.’ हसत होती.

रोल उद्याच्या उद्या पाठव.

मन्सूरचाचा

---

राजगुरुनगर
रविवार, ९ मार्च

योगिनी,

मी जमिलाचाची. बोलता येत नाही म्हणून लिहिते. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, पाढे लिहून द्यायचे तेव्हाचं.

रोल मी धुतला. तुझ्या चाचाच्या हातांनी तो अंधारात चकरीवर चढत नाही, निसटतो. न्हाणीघराच्या फटींना पोती लावली, दिवा घालवला आणि मी बसले. खूप दिवसांनी ओढणी बाजूला केली. अंधारात कुणाला काय दिसतंय? बोटांना सगळं आठवत होतं. डेव्हलपर झाला, हायपो झाला, मग दिवा लावला. तुझा चाचा दाराबाहेरून सारखा विचारत होता, आलं का, आलं का. एक तर त्याला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही. मी दारावर बोटांनी आठ वेळा वाजवलं.

आठ अगदी स्वच्छ आहेत. नववा आमचा जोडीचा. त्यात डावीकडून ऊन शिरलंय, तुझा चाचा अर्धा जळाला. मी शाबूत आहे. त्याला वहीत लिहून दाखवलं, सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा फोटोत मी पुढे आणि तुम्ही मागे. तो फोटो त्याने खिशात घातलाय, देत नाही.

चौथा सगळ्यात चांगला. तू बटण दाबायच्या आधी कावळ्याला हाकललंस, मला हसू येत होतं, ते धरलंस. ती निगेटिव्ह काचेवर ठेवली आणि हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. नाकाशेजारी सावली आहे, कपाळावर आठी आहे, मिश्रीने दातांची कड काळी झालीय. चाळीस वर्षांची सवय, दहा मिनिटांचं काम होतं. पेन्सिल परत डब्यात ठेवली. मोठा करून भिंतीला लावला, आहे तसाच. रोज बघते. चांगली होती गं बाई दिसायला. नाक तर काहीच वाईट नव्हतं. उगाच आयुष्यभर लपवत बसले.

मग काल मी तुझ्या चाचाला न्हाणीतला आरसा आणायला लावला. ओढणी काढून बसले आणि निगेटिव्ह तपासतात तसं नीट बघितलं. डावीकडे गाल आत गेलाय, टाक्यांची ओळ कानापर्यंत आहे, ओठ एका बाजूला ओढलाय. कुठे पेन्सिल लावावी म्हणून बघत होते. किती वेळ बसले ते कळलं नाही. शेवटी वाटलं, नाकाची जशी उगाच लाज धरली, तशी आता याची धरायची का? आणखी किती वर्षं आहेत माझ्याकडे?

तीन गुरुवार आली नाहीस त्याचं मला फार लागलं होतं. ते खोटं सांगत नाही. आता नाही लागत. पण पुन्हा माझ्यापासून काही लपवलंस तर पायरीवर बसवून तिसाचा पाढा म्हणायला लावीन, दिव्यासमोर.

ईद महिनाअखेरीला आहे, चाँद दिसेल तशी. त्यानंतर दवाखान्यात माझं किरणांनी शेकायचं सुरू होईल, मग चेहरा आणखी काळा पडेल म्हणतात. शिरखुर्मा आहे, तू आणि दिव्या दोघी या. तुझ्या चाचाने नवा रोल मागवलाय, कॅमेरा घेऊन ये. याही चेहऱ्याचा काढायचा. ओढणी मी स्वतः काढीन. आणि हे बघ, मला हस म्हणू नकोस, गाल ओढतो. मी डोळ्यांनी हसेन, ते नीट घे.

तुझी,
जमिलाचाची